कुट्टी यंत्रापासून हात दोन हात लांब



रब्बी ज्वारीची काढणी उरकली, कणसे खुडून झाली, की कडब्याच्या पेंढ्या गोठ्यामागे येऊन पडतात. गंजी रचली जाते आणि तेव्हापासून कुट्टी यंत्राला विश्रांती नसते. उन्हाळ्यात वाळला कडबा, पावसाळ्यात हिरवा मका नि हत्तीघास, ऊसपट्ट्यात गळीत हंगामभर वाढे. पूर्वी लाकडाच्या ठोकळ्यावर कोयत्याने कडबा तोडावा लागे, त्यात सकाळ जायची. आता दोन-चार जनावरे असलेल्या घरीही विजेवरचे यंत्र आले आहे.

यंत्र आले हे चांगलेच झाले. अख्खी पेंढी गव्हाणीत टाकली तर जनावर पाला ओढून खाते आणि धांडे पायाखाली तुडवते. कुट्टी केली की धांडेही पोटात जाते, वैरण पुरवून पुरते, वेळ वाचतो. तेव्हा यंत्र वापरू नका असे सांगण्यासाठी हा लेख नाही.

पण या यंत्राला एक खोड आहे. तोंडात जे जाईल ते ओढून घ्यायचे आणि कापायचे, एवढेच त्याला कळते. ज्वारीचे धांडे कोणते आणि माणसाचे बोट कोणते हा फरक त्याला कळत नाही. तो फरक आपण करायचा, आणि तोही यंत्र सुरू होण्याआधी. एकदा रुळांनी बोट पकडले की वेळ गेलेली असते.

"सावधपणे काम करा" हा सल्ला सगळेच देतात. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. पहाटे पाचला झोपमोड करून वैरण तोडणारा माणूस सदासर्वकाळ सावध राहूच शकत नाही. शहरातल्या फर्निचरच्या कारखान्यात प्लायवूडचे मोठे तक्ते कापणारी यंत्रे असतात. चांगल्या कारखान्यात कामगार लावण्याआधी यंत्राची तपासणी होते. हात कुठे जाऊ शकतो, कोणाचा जाऊ शकतो, गेला तर काय होईल आणि तो जाऊच नये म्हणून काय बसवायचे, हे सगळे लिहून काढतात. याला धोका मोजणे म्हणतात. आपल्या गोठ्यात असा निरीक्षक येत नाही. इथले मालक, कामगार आणि निरीक्षक तुम्हीच. म्हणून तीच पद्धत आपल्या कुट्टी यंत्राला लावून बघू.

एका सेकंदात किती?

आधी थोडे गणित करू. तुमच्या यंत्राचे आकडे वेगळे असतील, पण हिशोबाची रीत हीच.

समजा, मोटर मिनिटाला १,४४० फेरे घेते. मोटरच्या पाटीवर हा आकडा लिहिलेला असतो. मोटरची पुली ३ इंची आणि चक्राची पुली १२ इंची आहे. म्हणजे चौपट फरक, तेव्हा चक्राचे फेरे मिनिटाला ३६० झाले. सेकंदाला सहा. चक्राला दोन पाती असतील तर सेकंदाला बारा काप. प्रत्येक काप दीड सेंटिमीटरचा धरला, तर रूळ सेकंदाला १८ सेंटिमीटर माल आत ओढतात.

आता पट्टी घ्या आणि मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटापर्यंत स्वतःचा पंजा मोजा. मोठ्या माणसाचा पंजा साधारण तेवढाच भरतो, १८ सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे यंत्र एका सेकंदात पंजाभर अंतर खाते. अडीच सेकंदांत ४५ सेंटिमीटर, म्हणजे कोपरापासून बोटापर्यंतचा आपला पूर्वापार मापाचा एक 'हात'.

धोका लक्षात येऊन हात मागे घ्यायला चपळ माणसालाही पाव ते अर्धा सेकंद लागतो. तेवढ्यात बोटे गेलेली असतात. शिवाय दातेरी रुळांनी पकडलेला हात ओढून निघत नाही. भिंतीवरचा स्विच चार पावलांवर असेल, तर बंद करायला दुसऱ्या कोणाला तरी धावावे लागते. आणि बटण बंद केले तरी जड चक्र आपल्या वेगाने आणखी फिरत राहते. एकदा रिकाम्या यंत्राचे बटण बंद करून चक्र पूर्ण थांबेपर्यंतचे सेकंद घड्याळावर मोजा. बटण बंद झाल्यावरही यंत्र तेवढा वेळ जिवंत असते, हे घरातल्या सर्वांना दाखवा.

काही जण काम लवकर उरकावे म्हणून मोटरला ३ इंचीऐवजी ४ इंची पुली बसवतात. मग चक्राचे फेरे ३६० चे ४८० होतात आणि रूळ सेकंदाला १८ ऐवजी २४ सेंटिमीटर ओढू लागतात. चक्रात साठणारा जोर तर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे जवळजवळ पावणेदोनपट होतो. बनवणाऱ्याने पाती, बोल्ट आणि चक्र ज्या वेगासाठी दिले आहेत त्यापेक्षा ते पळवू नये. सैल बोल्टची पाती सुटून उडाली, तर ती समोर कोण उभे आहे हे पाहत नाही.

"इतकी वर्षं काही झालं नाही"

गावात हा विषय काढला की एक उत्तर हमखास येते. "भाऊसाहेब, पंधरा वर्षं झाली मशिन चालवतोय. साधा ओरखडा नाही आला."

यावरही हिशोब करून बघा. रोज वीस पेंढ्या आणि प्रत्येक पेंढीला दोनदा हात तोंडाजवळ गेला, तर दिवसाला चाळीस वेळा. वर्षाला १४,६०० वेळा. पंधरा वर्षांत २ लाख १९ हजार वेळा. इतक्या वेळा काही झाले नाही, यात माणसाची हुशारी आहेच. पण अपघाताला यातली एकच वेळ पुरते. ताप आलेला असतो, पाय शेणावर घसरतो, मागून कोणी हाक मारते, मधमाशी चावते. त्या एका वेळी हात रुळापर्यंत पोहोचूच नये अशी यंत्राची मांडणी हवी.

यंत्राभोवती एक फेरी

आता प्रत्यक्ष तपासणी. आधी वीज तोडा. नुसते बटण नव्हे, पिन काढा किंवा फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवा. चक्र थांबल्याची खात्री करा. कागद-पेन्सिल घ्या आणि यंत्राभोवती सावकाश एक फेरी मारा. पाच ठिकाणी थांबायचे आहे.

पहिले ठिकाण, यंत्राचे तोंड. चारा सरकवायची पत्र्याची पन्हळ किती लांब आहे? नेहमीच्या जागी उभे राहा आणि हात पुढे करा. बोटे रुळाला लागली, तर सगळ्यात मोठा धोका इथेच आहे. पन्हळीचे पुढचे टोक वरून उघडे आहे की झाकलेले? पुढे, मध्ये आणि मागे फिरवण्याचा दांडा आहे का? तो उभ्या जागेवरून हाताला येतो का, की गंजून जाम झाला आहे?

दुसरे ठिकाण, चक्र आणि पाती. चक्रावर पत्र्याचे झाकण आहे का? ते बोल्टने पक्के आहे, की कधीतरी काढून गोठ्याच्या आढ्यात खोचून ठेवले आहे? पातीचे बोल्ट पान्याने तपासा. पाती बोथट असेल तर लिहून घ्या. बोथट पातीने वैरण कापण्याऐवजी चेंगरते, यंत्र तुंबते, आणि तुंबले की माणूस हात घालतो. म्हणून धार लावलेली पाती ही सुरक्षिततेचीच बाब आहे.

तिसरे ठिकाण, पट्टा, पुली आणि दातेरी चाके. यांच्यावर जाळी किंवा पत्रा आहे का? पदर, धोतराचा सोगा, गळ्यातले उपरणे, मोकळी वेणी इथेच अडकतात. पट्टा पुलीवर जिथे चढतो ती जागा विशेष पाहा. बोट तिथे सापडते.

चौथे ठिकाण, वीज. वायर कुठे सोललेली आहे का? जोडांना नुसती चिकटपट्टी आहे का? मोटरला अर्थिंग आहे का? गोठ्यात मूत आणि पाणी असते, पाय ओले असतात, अशा जागी अर्थिंग नसलेली मोटर म्हणजे आयते संकट. गळती होताच वीज तोडणारा स्विच, ज्याला ईएलसीबी म्हणतात, तो बसवून घ्यावा. थ्री-फेजचे यंत्र असेल तर आणखी एक तपासणी हवी. लाइनचे किंवा डीपीचे काम होऊन गेले की फेज उलटतात आणि मोटर उलटी फिरू लागते. म्हणून दुरुस्तीनंतर पहिल्यांदा यंत्र रिकामे चालवून फिरण्याची दिशा पाहा.

पाचवे ठिकाण, उभे राहायची जागा. जमीन सपाट आणि कोरडी आहे का? पायाखाली धांड्यांचा ढीग, शेण, निसरडा दगड आहे का? बल्ब कुठे आहे? तो पाठीमागे असेल तर स्वतःचीच सावली यंत्राच्या तोंडावर पडते. दिवा वर आणि थोडा पुढे हवा. यंत्राला हादरे बसत असतील तर त्याचे पाय काँक्रीटमध्ये बोल्टने पक्के करा.

यंत्रापाशी कोण कोण येते?

धोका मोजताना नुसते यंत्र बघून भागत नाही, माणसेही बघावी लागतात. दिवसभराचा विचार करा. सकाळी कोण वैरण तोडते? संध्याकाळी कोण? बहुतेक घरांत हे काम बायकांकडे असते. मात्र यंत्र घेताना, त्याची माहिती ऐकताना पुढे असतो तो पुरुष. जी रोज चालवते तिला मागे फिरवायचा दांडा कोणता हे कोणी दाखवलेले नसते. तेव्हा वहिनी, मावशी, सूनबाई, जी कोणी यंत्र चालवते तिने तपासणीच्या फेरीला बरोबर असलेच पाहिजे. यंत्र कुठे अडते, कधी हात घालावा लागतो, हे तिला जास्त ठाऊक असते.

मग मुले. यंत्र बहुधा घराजवळ असते आणि फिरणारे चक्र मुलांना खेळण्यासारखे वाटते. हाताने फिरवायचे यंत्र त्यांना निरुपद्रवी वाटते, पण एक मूल मूठ धरून चक्र फिरवते आणि दुसरे तोंडात गवत घालते, एवढ्यात बोट जाते. दिल्लीच्या आयआयटीतील प्रा. दिनेश मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर भारतातल्या गावांत शेतीच्या अपघातांची पाहणी केली. कुट्टी यंत्राने जायबंदी होणाऱ्यांत मुलेही आहेत, ही गोष्ट त्यातून पुढे आली. त्यावर त्यांनी मुलांना ताकीद द्या एवढेच सांगितले नाही, यंत्रातच सुधारणा केल्या. काम नसताना चक्र फिरूच नये म्हणून अडकवायची खीळ. पात्यांवर आणि दातेरी चाकांवर झाकण. आणि मुख्य रुळांच्या अलीकडे मोकळा फिरणारा एक इशारा-रूळ, ज्याला हात लागताच माणूस सावध व्हावा. यातली कोणतीच गोष्ट अवघड नाही. तालुक्याच्या गावचा वेल्डिंगवाला या करू शकतो.

तिसरे म्हणजे मजूर आणि पाहुणे. नवा सालगडी, सुट्टीला आलेला भाचा, शेजारी. "चालव रे जरा, मी आलोच" म्हणून यंत्र अनोळखी हातात देऊ नका. दारू प्यालेल्या माणसाला तर यंत्राजवळ उभेही करू नका, मग तो कितीही जुना कारागीर असो.

धोक्याला गुण द्या

फेरी झाली, कागदावर आठ-दहा बाबी आल्या. सगळ्या एका दिवसात होत नाहीत. आधी कोणती करायची हे ठरवण्यासाठी गुण द्यावेत. ते असे.

शक्यता : क्वचित असेल तर १, अधूनमधून असेल तर २, रोज असेल तर ३.
इजा : खरचटणे, खोकला अशी असेल तर १, दवाखान्यात न्यावे लागेल अशी असेल तर २, हात-पाय किंवा जीव जाईल अशी असेल तर ३.

दोन्हींचा गुणाकार करा. काही उदाहरणे पाहू.

पन्हळ आखूड आहे आणि बोटे रुळापर्यंत जातात : शक्यता ३, इजा ३, गुण ९.
साधे बटण आहे, लाइट गेली-आली की यंत्र आपोआप सुरू होते : शक्यता २, इजा ३, गुण ६.
पट्टा उघडा आहे, पण भिंतीच्या बाजूला आहे, तिकडे कोणी जात नाही : शक्यता १, इजा ३, गुण ३.
वाळल्या कडब्याची धूळ नाकात जाते : शक्यता ३, इजा १, गुण ३.

सहा किंवा त्याहून जास्त गुण आले, तर ती दुरुस्ती होईपर्यंत यंत्र बंद ठेवा. दोन दिवस कोयत्याने तोडून घाला, जनावरे उपाशी राहत नाहीत. तीन-चार गुणांच्या बाबी आठवडाभरात करा. धुळीला तोंडाला बांधलेला रुमाल आणि साधा चष्मा पुरतो.

दुरुस्तीनंतर पुन्हा गुण द्या. पन्हळ लांब केली आणि झाकली, तर शक्यता ३ ची १ होते, गुण ९ चे ३ होतात. इजेचा आकडा मात्र ३ च राहतो, कारण पाती तीच आणि रूळ तेच. आपण हाताची वाट बंद केली, यंत्र मवाळ केले नाही. म्हणून झाकण काढले की धोका त्याच क्षणी ९ वर परत जातो.

उपायांचा क्रम

आधी यंत्र सुधारा, मग कामाची रीत सुधारा, आणि शेवटी अंगावरचे कपडे. पुष्कळ जण उलटे करतात. आधी हातमोजे आणतात. फिरणाऱ्या रुळांजवळ हातमोजे घालूच नयेत. मोज्याचे टोक रुळात अडकले की मोज्यासकट हात जातो.

पन्हळीच्या बाबतीत मळणी यंत्राकडून शिकता येते. गव्हाच्या हरितक्रांतीनंतर पंजाब-हरियाणात मळणी यंत्रे झपाट्याने वाढली आणि त्याबरोबर हात तुटण्याचे प्रकारही वाढले. त्यामुळे १९८३ साली केंद्र सरकारने धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला आणि मळणी यंत्र त्याखाली घेतले. मळणी यंत्राच्या सुरक्षिततेचे भारतीय मानक आयएस ९०२० आहे. पेंढी सरकवायची पन्हळ किमान ९० सेंटिमीटर लांब आणि त्यातली यंत्राकडची किमान ४५ सेंटिमीटर वरून झाकलेली असावी, असे त्यात सांगितले आहे. आपल्या मापात बोलायचे तर पन्हळ दोन हात लांब आणि त्यातली एक हात झाकलेली. कुट्टी यंत्राला हेच माप डोळ्यांसमोर ठेवावे. जुन्या यंत्राची पन्हळ आखूड असेल तर जाड पत्रा जोडून वाढवून घ्या आणि वरून झाकण वेल्ड करा. नवे यंत्र घेताना आयएसआय चिन्ह, झाकणे, मागे फिरवायचा दांडा आणि चक्राची खीळ पाहूनच घ्या. स्वस्तात मिळते म्हणून उघडे यंत्र घेऊ नका.

कामाच्या रीतीत पुढील गोष्टी बसवाव्यात. पेंढीचा बंध सोडून आत तार, दगड, लोखंडाचा तुकडा नाही ना ते पाहा. बुडखा पुढे करून मूठ मूठ घाला, अख्खी पेंढी कोंबू नका. पेंढीचे शेवटचे टोक ढकलताना हात सगळ्यात आत जातो, म्हणून ते हाताने ढकलू नका. पुढच्या मुठीने ढकला किंवा लाकडी काठीने ढकला. लोखंडी पहार वापरू नका. बायकांनी पदर कमरेला खोचावा, वेणी बांधावी, सैल बांगड्या काढाव्यात. पुरुषांनी उपरणे, मफलर बाजूला ठेवावे, बाह्या कोपराच्या वर दुमडाव्यात. यंत्र चालू असताना गप्पा नकोत, मोबाइल तर नकोच.

यंत्र तुंबले तर

या प्रसंगासाठी वेगळा मथळा मुद्दाम दिला आहे. यंत्र तुंबते आणि माणसाला राग येतो. मग मोटर चालू ठेवूनच तो कोंडलेली वैरण उपसायला जातो. क्रम असा ठेवा. आधी दांडा ओढून रूळ मागे फिरवा. बहुतेक वेळा माल बाहेर येतो. नाही आला तर बटण बंद करा. चक्र पूर्ण थांबू द्या. पिन किंवा फ्यूज काढा. चक्राला खीळ घाला किंवा लाकडी पाचर लावा. मगच वैरण उपसा. पात्याला धार लावताना आणि ग्रीस भरतानाही हाच क्रम पाळा.

आपल्याकडे लाइट अवेळी जाते आणि अवेळी येते. लाइट गेली म्हणून यंत्र थांबले, बटण तसेच चालू राहिले, आणि तेवढ्यात तोंड साफ करावे म्हणून कोणी हात घातला. लाइट आली. हे टाळण्याचा पक्का उपाय म्हणजे साध्या बटणाऐवजी चांगला स्टार्टर. वीज जाताच तो सुटतो आणि पुन्हा हिरवे बटण दाबल्याशिवाय मोटर सुरू होत नाही. विहिरीवरच्या मोटरला आपण ऑटो स्विच लावतो, म्हणजे रात्री लाइट आली की पंप आपोआप सुरू होतो. तो ऑटो कुट्टी यंत्राला कदापि लावू नका. पंप आणि कुट्टी यंत्र एकाच स्टार्टरवर जोडले असतील तर आजच वेगळे करा. स्टार्टरची जागाही अशी ठेवा, की चारा घालणाऱ्याचा हात उभ्या जागेवरून तांबड्या बटणापर्यंत जाईल.

ट्रॅक्टरवरचे यंत्र

मोठे गोठे आणि मुरघास करणारे शेतकरी ट्रॅक्टरवरचे कुट्टी यंत्र वापरतात किंवा भाड्याने आणतात. यात आणखी एक धोका वाढतो तो पीटीओ शाफ्टचा. तो मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. धोतराचा किंवा साडीचा कोपरा त्यात अडकला तर एका सेकंदात नऊ वेढे बसतात. शाफ्टवर प्लास्टिकची नळी नसेल तर ते यंत्र आपल्या शेतात चालू देऊ नका. भाडे देणारे तुम्ही आहात, विचारायचा तुम्हाला हक्क आहे. चालू शाफ्टवरून उडी मारून पलीकडे जाणे ही तर आत्महत्याच.

दुर्दैवाने अपघात झालाच तर

हात अडकला असेल तर आधी वीज तोडा. घाबरून मोटर उलटी चालवू नका. वरच्या रुळाचा स्प्रिंगचा दाब सैल करा आणि चक्र हाताने सावकाश मागे फिरवून हात मोकळा करा.

रक्तस्रावावर स्वच्छ कापडाची घडी घट्ट दाबून धरा आणि हात उंच ठेवा. हळद, चुना, तंबाखू, रॉकेल काहीही लावू नका. बोट किंवा पंजा तुटला असेल तर तो शोधा. स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. तुटलेला भाग थेट बर्फात किंवा पाण्यात ठेवू नये, त्याने तो खराब होतो. मनगटाच्या वरून तुटलेला हात परत जोडायला साधारण सहा तासांचाच अवकाश असतो. म्हणून १०८ ला फोन करा आणि शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयातच न्या. अपघाताची वेळ कागदावर लिहून बरोबर द्या.

महाराष्ट्रात २०२३ पासून गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. अपघाती मृत्यू झाल्यास किंवा दोन अवयव निकामी झाल्यास २ लाख रुपये आणि एक अवयव निकामी झाल्यास १ लाख रुपये मिळतात. १० ते ७५ वयाचा खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील एक सदस्य यासाठी पात्र ठरतो. अर्ज तीस दिवसांच्या आत तालुका कृषी कार्यालयात द्यायचा असतो. ७/१२ उतारा, वयाचा पुरावा, डॉक्टरांचा दाखला आणि पोलिसांकडील किंवा पोलीस पाटलांची नोंद जपून ठेवावी. मदत घ्यावीच. पण गेलेला हात त्या पैशाने परत येत नाही, आणि उजव्या हाताशिवाय दूध काढून बघितले म्हणजे लाखाची किंमत कळते.

गावाने काय करावे?

सरपंच, सदस्य, पोलीस पाटील, दूध संस्थेचे सचिव यांना एक विनंती आहे. प्रत्येक घरी यंत्र असले तरी तपासणी एकट्याने करायचा कंटाळा येतो. वाडीवस्तीवर एक दिवस ठरवा. वायरमन आणि वेल्डिंगवाला यांना त्या दिवशी बोलवा. पाच-सहा घरांची यंत्रे एकत्र तपासली, पत्रा एकदम आणला, की खर्चही कमी येतो. दूध संस्थेने संकलन केंद्रावर तपासणीच्या पाच ठिकाणांचा कागद चिकटवावा. सकाळ-संध्याकाळ तिथे सगळे गाव येते. ग्रामसभेत हा विषय काढावा आणि महिला बचत गटांच्या बैठकीत तर जरूर काढावा. शाळेत गुरुजींनी मुलांना एवढेच सांगावे, की बंद यंत्राच्या चक्रालाही हात लावायचा नाही.

तुमच्या भागाच्या कृषी सहायकाला बोलावले तर तोही फेरीला येईल. पण त्याची वाट पाहू नका. आज संध्याकाळी वैरण तोडण्याआधी फ्यूज खिशात टाका, पट्टी घ्या आणि पन्हळ मोजा. दोन हात भरली तर उत्तम. नाही भरली तर उद्या सकाळी पहिले काम वेल्डिंगच्या दुकानात.